ॲस्बेस्टस गावचा संप

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियल शहराच्या पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, ॲस्बेस्टस नावाचे एक खाणीचे गाव होते. 6 मे 1949 रोजी सकाळी त्या गावच्या चर्चच्या पायऱ्यांवर एक दंडाधिकारी उभा राहिला आणि त्याने लोकांना दंगलीचा कायदा वाचून दाखविला. त्या वाचनाचा अर्थ साधा होता : ताबडतोब पांगा, पांगला नाहीत तर पुढे जे होईल त्याचा दोष सरकारला देऊ नका. मग पोलिसांनी धरपकड सुरू केली. दीडशेहून अधिक माणसे पकडली गेली, आणि पुष्कळांना चौकशीच्या नावाखाली बेदम मार बसला.

ज्यांना पकडले ते काही देवाधर्माला न मानणारे लोक नव्हते. दर रविवारी मिस्सेला जाणारे, मुलाबाळांचे धनी असे ते कॅथलिक खाणकामगार होते. त्यांच्या युनियनच्या नावातच ‘कॅथलिक’ हा शब्द होता. आणि ज्या मुख्यमंत्र्यांनी पोलीस पाठविले ते मॉरिस द्युप्लेसी तर असे भाविक, की 1936 साली सत्तेवर येताच त्यांनी विधानसभेत अध्यक्षांच्या आसनावर क्रूस लावविला होता. दोन्ही बाजूंचा देव एक, प्रार्थना एक, धर्मगुरूही एकच. मग हे लोक समोरासमोर आले कसे? क्वेबेकच्या या संपाची कथा नीट समजून घेण्यासारखी आहे, ती याचसाठी.

धर्माच्या छपराखाली

क्वेबेक हा मूळचा फ्रेंचांचा मुलूख. 1759-60 मध्ये इंग्रजांनी तो जिंकला. फ्रेंच सरदार आणि अंमलदार यांतले बरेच मायदेशी परतले. मागे राहिले शेतकरी आणि त्यांचे धर्मगुरू. राज्य गेले, व्यापार गेला, दरबार गेला. उरले ते चर्च. तेव्हापासून जवळजवळ दोनशे वर्षे या समाजाने आपली भाषा आणि आपला धर्म चर्चच्या छपराखाली जपला. वसईकडचे ख्रिस्ती बांधव ज्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात, तो तेथे गावाचा केवळ धार्मिक विभाग नव्हता. तोच गाव होता. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी धर्मगुरूच्या दप्तरात. शाळा धर्मगुरूंच्या आणि जोगिणींच्या हाती. दवाखाना, अनाथालय, म्हाताऱ्यांचा आश्रम, सारे चर्चचे. घरात दहा-बारा मुले असणे यात कोणाला नवल वाटत नसे. इंग्रजांनी रणात जिंकले, आम्ही पाळण्याच्या बळावर टिकू, अशी ती जिद्द होती.

या छपराने समाज वाचविला, यात शंका नाही. पण ज्या छपराने पाऊस अडतो त्याच छपराने उजेडही अडतो. प्रांताच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क तेथील स्त्रियांना मिळाला तो 1940 साली, आणि तोही क्वेबेकच्या कार्डिनलांचा उघड विरोध असताना. मुलांना सक्तीने शाळेत पाठविण्याचा कायदा झाला 1943 साली. शेतकऱ्याने शेती करावी, बायकोने घर पाहावे, सर्वांनी मिळून देवाचे नाव घ्यावे, हेच आदर्श जीवन असे व्यासपीठावरून सांगितले जाई. प्रत्यक्षात मात्र शेतकऱ्याची मुले केव्हाच गिरण्यांत आणि खाणींत गेली होती. 1921 च्या जनगणनेतच क्वेबेकची निम्म्याहून अधिक वस्ती शहरांत राहते असे दिसून आले. बहुतेक मोठ्या कारखान्यांचे भांडवल इंग्रजी किंवा अमेरिकन, मुकादमाच्या वरचे अधिकारी इंग्रजी बोलणारे, आणि घाम गाळणारे हात फ्रेंच.

संप टाळण्यासाठी काढलेली युनियन

आता त्या युनियनची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून कामगार संघटनांचे वारे क्वेबेकमध्ये येऊ लागले, तेव्हा तेथील बिशपांच्या पोटात गोळा उठला. या संघटनांत प्रॉटेस्टंट आहेत, गुप्त शपथा आहेत, उद्या समाजवादही येईल! त्यांनी प्रथम मनाई करून पाहिली. ती फार दिवस टिकली नाही. 1891 साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. कामगाराला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, असे त्यात स्वच्छ सांगितले होते. वर्गकलहाचा मात्र निषेध होता. मग 1900 साली क्वेबेक शहरातल्या जोड्यांच्या कारखानदारांनी टाळे लावले, तेव्हा तेथील आर्चबिशपांनीच लवादाचे काम केले. त्यातून कल्पना निघाली, की कामगारांची युनियन नकोच असे म्हणण्यापेक्षा आपणच त्यांची युनियन काढावी.

1921 साली ‘कॅनडाच्या कॅथलिक कामगारांचा महासंघ’ स्थापन झाला. प्रत्येक शाखेला सल्ला देण्यासाठी एक धर्मगुरू नेमलेला असे. सभेची सुरुवात प्रार्थनेने होई. मालक आणि मजूर हे एकाच कुटुंबातले वडील आणि मुलगे, त्यांनी भांडू नये, ही शिकवण. संप हे अगदी शेवटचे साधन. मालकांनाही अशी सोज्ज्वळ युनियन परवडत असे.

पण युनियन ही चीज विलक्षण असते. ती कोणी कोणत्या हेतूने काढली याला फार दिवस महत्त्व राहत नाही. तिच्यात येणारी माणसे आपल्या पोटाची आणि अब्रूची गाऱ्हाणी बरोबर घेऊन येतात. 1937 साली कापडगिरण्यांतल्या हजारो कॅथलिक कामगारांनी मोठा संप केला. तो कार्डिनलांच्या मध्यस्थीने मिटला, पण त्या तडजोडीतून कामगारांच्या पदरात टिकाऊ असे काही पडले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर महासंघाचे नेतृत्व नव्या पिढीकडे आले. अध्यक्ष जेरार पिकार आणि सरचिटणीस जाँ मार्शां ही माणसे श्रद्धाळू होती. पण पोपच्या परिपत्रकातले ‘कलह करू नका’ हे वाक्य जसे त्यांनी वाचले होते, तसे ‘पुरती मजुरी द्या’ हेही वाचले होते.

गावावरची धूळ

ॲस्बेस्टस म्हणजे न जळणारा तंतुमय दगड. तो खडकातून काढायचा, फोडायचा, पिंजायचा. त्याच्यापासून आगीत टिकणारे कापड होई, नळांची वेष्टने होत, छपराचे पत्रे होत. जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक, जेफ्री खाण, या गावात होती आणि ती एका अमेरिकन कंपनीच्या मालकीची होती. ईशान्येला थेटफर्ड माइन्स आणि त्याच्या आसपास आणखी खाणी होत्या. दगड पिंजण्याच्या गिरण्यांतून इतकी धूळ उडे, की ती छपरांवर, अंगणांत, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. ही धूळ फुप्फुसात रुतते आणि माणूस हळूहळू श्वासाला महाग होतो.

12 जानेवारी 1949 रोजी माँट्रियलच्या ‘ल दव्वार’ या दैनिकात बर्टन लेदू या लेखकाने ईस्ट ब्रॉटन या खाणीच्या गावात धुळीने माणसे कशी गुदमरत आहेत याची हकीकत छापली. याच लेदूने आदल्या वर्षी एका जेझुइट मासिकात दगडाच्या धुळीने होणाऱ्या अशाच एका रोगावर लिहिले होते. त्या वेळी कंपन्यांचा दाब इतका आला, की मासिकाला माघार घ्यावी लागली आणि संपादक असलेल्या धर्मगुरूंची उचलबांगडी झाली. म्हणजे चर्चच्या आतही दोन तट पडले होते. बाहेरच्यांना ते दिसायचे होते, एवढेच.

साडेचार महिने

कामगारांच्या मागण्या होत्या त्या अशा : गिरणीतली आणि गिरणीबाहेरची धूळ हटवा, तासाला पंधरा सेंट वाढ द्या, रात्रपाळीला आणखी पाच सेंट द्या, कामगार कल्याणाचा निधी युनियनच्या हाती असू द्या, युनियनची वर्गणी पगारातून कापून द्या, बढत्या-बदल्यांत युनियनला विचारा. कंपनीला पैशाच्या मागणीपेक्षा ही शेवटची मागणी अधिक झोंबली. कारखाना कोणी चालवायचा, मालकाने की मजुराने, असा सवाल तिने जाहीर केला.

कायद्याप्रमाणे हे भांडण लवादाकडे जायला हवे होते. परंतु सरकारी लवादाचा कामगारांना कंटाळा आला होता. महिनोन्महिने ताटकळायचे आणि शेवटी निकाल आपल्याविरुद्ध घ्यायचा. 13 फेब्रुवारीच्या मध्यरात्री ॲस्बेस्टस गावच्या कामगारांनी काम थांबविले. पाठोपाठ थेटफर्डचेही बाहेर पडले. सारे मिळून सुमारे पाच हजार. सरकारने संप बेकायदा ठरविला, युनियनची मान्यता काढून घेतली आणि प्रांताचे पोलीस गावात आणून बसविले. मार्चमध्ये खाणीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या रुळाखाली सुरुंग उडाला. कंपनीने बाहेरून संपफोडे आणले, आणि कंपनीच्या घरांत राहणाऱ्या संपकऱ्यांना घरे खाली करण्याची धमकी दिली.

बर्फाचे दिवस, घरात खाणारी तोंडे आठ-दहा, आणि हप्ता बंद. अशा वेळी संप मोडायला मालकाला काही करावे लागत नाही. घरातले रिकामे डबेच ते काम करतात. ॲस्बेस्टसमध्ये ते झाले नाही, याचे एक कारण त्या गावचे धर्मगुरू फादर कामिराँ. ते संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. मी खाणीत असतो तर मीही संपावर गेलो असतो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार तेव्हा गाजले. ज्या गावात बाई नवऱ्याला ‘फादर काय म्हणतात?’ असे विचारल्याशिवाय मोठी गोष्ट ठरवीत नसे, त्या गावात या उद्गारांची किंमत काय असेल हे सांगायला नको. मग बायका मागे कशा राहतील? त्यांनी चुली सांभाळल्या, मिरवणुका काढल्या, पोलिसांना तोंडावर सुनावले. इतर गावांहून बटाटे, पीठ, कपडे भरून मालमोटारी येऊ लागल्या.

मे महिन्याच्या आरंभी संपफोड्यांना अडविण्यासाठी कामगारांनी गावात येणारे रस्ते रोखले. आत शिरू पाहणाऱ्या काही पोलिसांना त्यांनी पकडून मारले, हेही खोटे नाही. त्याचा सूड म्हणून दुसऱ्या दिवशीचा तो दंगलीचा कायदा आणि ती धरपकड.

आर्चबिशपांचे प्रवचन

त्याआधी, 1 मे 1949 च्या रविवारी, माँट्रियलच्या नोत्र-दाम चर्चमध्ये आर्चबिशप जोसेफ शारबोनो प्रवचनाला उभे राहिले होते. ते म्हणाले, की कामगारवर्गाला चिरडण्याचा एक कट चालला आहे. आणि असा कट चालू असताना मध्ये पडणे हे चर्चचे कर्तव्य आहे. भांडवलापेक्षा माणसाची किंमत आम्हाला अधिक, असे त्यांनी स्पष्ट केले. संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी चर्चच्या दारांत वर्गणी गोळा होऊ लागली आणि केवळ या मार्गाने दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली.

आज हे वाचताना आपल्याला त्यात फारसे नवल वाटणार नाही. परंतु द्युप्लेसींचे राज्य ज्या पायावर उभे होते तो पायाच येथे हलला. चर्चच्या शाळांना आणि दवाखान्यांना अनुदान सरकारने द्यायचे, आणि चर्चने लोकांना शांत ठेवायचे, असा तो न लिहिलेला करार होता. बिशप माझ्या हातून घास खातात, असे ते खाजगीत म्हणत, असे सांगतात. आता कॅनडातल्या सर्वांत मोठ्या धर्मप्रांताच्या प्रमुखानेच तो घास नाकारला होता.

अखेर क्वेबेकचे आर्चबिशप मोरिस रॉय यांच्या मध्यस्थीने जुलैच्या आरंभी संप मिटला. 1950 च्या फेब्रुवारीत प्रांताच्या बिशपांनी कामगारांच्या प्रश्नावर एक मोठे पत्रक प्रसिद्ध केले. कारखानदारी हा नरक नव्हे आणि कामगाराला तेथेच माणूस म्हणून जगता आले पाहिजे, असा त्याचा सूर होता. पण त्याच महिन्यात आर्चबिशप शारबोनो पदावरून दूर झाल्याची बातमी आली. कारण प्रकृतीचे दिले गेले. त्यामागे संपच होता की बिशपांतले जुने मतभेदही होते, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. ते थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, व्हिक्टोरिया शहरी गेले, आणि जोगिणींच्या एका आश्रमात साधे धर्मगुरू म्हणून राहिले. 1959 साली तेथेच त्यांचे निधन झाले. मुख्यमंत्री द्युप्लेसीही त्याच वर्षी वारले.

पदरात काय पडले?

हिशेबाच्या वहीत पाहिले तर फारच थोडे. मजुरीत मागणीपेक्षा कमी वाढ मिळाली. पुष्कळांना लगेच कामावर घेतले नाही. धुळीसंबंधी ठोस असे काहीच पदरात आले नाही. मग या संपाचे नाव इतके का झाले?

त्याचे एक कारण म्हणजे तो पाहायला आलेली माणसे. ‘ल दव्वार’चा तरुण बातमीदार जेरार पेलतिये तेथे होता. त्याच्याबरोबर एक एकोणतीस वर्षांचा, श्रीमंत घरचा, जग हिंडून आलेला दाढीवाला मित्र आला होता. खाणकामगारांनी त्याची दाढी पाहून त्याला थट्टेने ‘संत जोसेफ’ असे नाव ठेवले. त्याचे नाव पिएर ट्रुडो. 1956 साली त्याने या संपावर अनेक लेखकांचा एक ग्रंथ संपादित केला, आणि जुने क्वेबेक येथे संपले असे त्याने प्रस्तावनेत मांडले. पुढे काही इतिहासकारांनी म्हटले, की संपाला एवढा मोठेपणा या ग्रंथानेच दिला. त्यात तथ्य आहे. 1949 च्याच जानेवारीत माँट्रियलच्या कॅथलिक शिक्षकांनी बेकायदा संप केला होता. 1952 मध्ये माँट्रियलच्या एका प्रसिद्ध फ्रेंच कॅथलिक दुकानातल्या विक्रेत्या संपावर गेल्या. कोणीतरी दुकानात पांढरे उंदीर सोडून गिऱ्हाइकांची त्रेधा उडविली! 1957 मध्ये मर्डॉकव्हिलच्या तांब्याच्या खाणीत संप झाला. एका तडाख्याने भिंत पडली नाही. भिंतीला अनेक ठिकाणी भेगा जात होत्या.

पण पहिली मोठी भेग ॲस्बेस्टसची, आणि तिचे वैशिष्ट्य हे, की घाव आतून बसला. धर्माविरुद्ध बंड करा असे तेथे कोणी म्हटले नाही. धर्माने जे सांगितले तेच खरे करून दाखवा, एवढेच कामगार म्हणाले. कामगाराला गप्प ठेवण्यासाठी काढलेल्या युनियननेच त्याला बोलायला शिकविले. आणि एकदा धर्मगुरू दोन बाजूंना विभागलेले दिसले, की कोणाचे ऐकायचे हे माणसाला स्वतःच ठरवावे लागते. अशी सवय लागली म्हणजे ती संपापुरती राहत नाही.

पुढचा बदल पाहता पाहता झाला. 1960 च्या जूनमध्ये जाँ लसाज यांचे सरकार निवडून आले. त्याच वर्षी कॅथलिक महासंघाने आपल्या नावातला ‘कॅथलिक’ शब्द काढून टाकला. 1964 साली शिक्षणखाते सरकारकडे आले आणि विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या सहीवाचून व्यवहार करण्याचा अधिकार मिळाला. इस्पितळे सरकारी खर्चाने चालू लागली. चर्चमधली बाके ओस पडू लागली, मठांतून पुष्कळ जोगिणी आणि धर्मगुरू बाहेर पडले, आणि ज्या घरांत दहा मुले असत तेथे दोन दिसू लागली. या पर्वाला तेथील लोक ‘शांत क्रांती’ म्हणतात. फादर कामिराँ किंवा आर्चबिशप शारबोनो यांना हे सारे हवे होते असे म्हणता येणार नाही. त्यांनी दार उघडले ते कामगाराला आत घेण्यासाठी. पण उघडलेल्या दारातून पुढच्या पिढीतले अनेकजण बाहेर निघून गेले.

इतिहासाचा विनोद तर याहून कडू आहे. मार्शां, पेलतिये आणि ट्रुडो हे तिघे 1965 साली मिळून दिल्लीतल्या लोकसभेसारख्या ओटावाच्या संसदेत निवडून गेले. 1968 साली ट्रुडो पंतप्रधान झाले. आणि 1970 च्या ऑक्टोबरात, राजकीय अपहरणांच्या धामधुमीत, याच मंडळींच्या सरकारने युद्धकाळचा कायदा लावून क्वेबेकमध्ये शेकडो माणसांना आरोपावाचून पकडले.

राहिलेली मागणी

हे सर्व झाले, पण त्या मागणीपत्रातल्या धुळीचे काय? ज्या 1949 साली संप झाला त्याच वर्षी कंपनीच्या डॉक्टरने 708 कामगारांच्या छातीची चित्रे तपासली होती. निरोगी फुप्फुसे सापडली ती फक्त चौघांची. ज्यांना रोगाने गाठले आहे पण अजून काम करवते, त्यांना हे सांगू नये, असा सल्ला त्याने आपल्या अहवालात दिला. हा कागद बाहेर आला तो पुष्कळ वर्षांनी, अमेरिकेतल्या खटल्यांच्या निमित्ताने. 1975 साली थेटफर्डच्या कामगारांना त्याच धुळीसाठी पुन्हा महिनोन्महिने संप करावा लागला. तेव्हा कोठे भरपाईचा कायदा झाला.

त्यानंतरचा भाग सर्वांत अवघड. जग जेव्हा या दगडावर बंदी घालू लागले, तेव्हा खाणी चालू राहाव्यात म्हणून तेथील कामगार संघटनाही मालकांच्या जोडीने उभ्या राहिल्या. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण एकाच खाणीवर जगणाऱ्या गावाला छाती आणि पोट यांतून एक निवडायला सांगितले, तर ते दुसरे काय निवडणार? युरोपने पाठ फिरविल्यावर गिऱ्हाईक शोधावे लागले, आणि अखेरच्या वर्षांत क्वेबेकच्या तंतूचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ठरला तो आपला भारत. गावोगावच्या गोठ्यांवर, शाळांवर, वस्त्यांवर, कारखान्यांच्या शेडांवर जे करडे, नागमोडी ‘सिमेंटचे पत्रे’ चढले, त्यांच्या पोटात हाच दगड पिंजून घातलेला असतो. पत्रा डोक्यावर स्वस्थ असतो तोवर फारसे भय नाही. तो कापताना, भोके पाडताना, फोडताना जी धूळ उडते ती घातकी.

जेफ्री खाणीचे काम 2011 साली थांबले. ती पुन्हा चालू करण्यासाठी प्रांताच्या सरकारने देऊ केलेले 5 कोटी 80 लाख डॉलरचे कर्ज पुढच्या वर्षी नव्या सरकारने रद्द केले. 2018 च्या अखेरीस कॅनडाने ॲस्बेस्टसवर बंदी घातली. 2020 साली गावकऱ्यांनी मत देऊन गावाचे नावही बदलले. आता ते ‘व्हाल-दे-सुर्स’, म्हणजे झऱ्यांचे खोरे. विधानसभेत अध्यक्षांच्या आसनावर लावलेला तो क्रूसही 2019 मध्ये उतरविला गेला होता.

एका संपाने एवढा मोठा समाज बदलायला हातभार लावला, हे त्या पाच हजार माणसांचे श्रेय. पण त्यांनी मागितले होते ते समाजपरिवर्तन नव्हे. त्यांनी मागितली होती स्वच्छ हवा, आणि ती त्यांच्यातल्या बहुतेकांना मरेपर्यंत मिळाली नाही. आपल्या गावात पुढच्या वेळी जुना पत्रा उतरविला जाईल तेव्हा तो फोडणाऱ्या गड्याला तोंडाला ओला फडका बांधायला सांगावे, पत्र्यावर आधी पाणी मारावे, आणि पोरांना तेथून दूर न्यावे. धूळ पुरती अडवायची तर तिच्यासाठी बनविलेला मुखवटाच लागतो, तो मिळाला तर उत्तमच. त्या खाणकामगारांची आठवण ठेवण्याचा याहून सरळ मार्ग दिसत नाही.